कोपरा वळला की सिग्नल का जातो?



पाचवीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, टॉवर आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. मग कोपरा वळलं की व्हिडिओ का अडकतो?" मी घाईत म्हटलं, "टॉवर लांब पडत असेल." घरी आल्यावर चूक लक्षात आली. कोपरा वळल्याने अंतर वाढलं ते जेमतेम वीस पावलं! उत्तर अंतरात नाही, कोपऱ्यात शोधायला हवं होतं.

लहर किती लांब?

रेडिओ लहरी प्रकाशाच्याच वेगाने, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतात. वारंवारता जितकी जास्त, तितकी लहर आखूड. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटीमीटर, म्हणजे मुलांच्या मोठ्या पट्टीपेक्षा थोडी लांब. २८ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम १ सेंटीमीटर, नखाएवढी.

मुलांना असं विचारा: कोपऱ्यामागून आईची हाक ऐकू येते, पण आई का दिसत नाही? आवाजाची लहर लांब असते, ती कडेवरून वळते. प्रकाशाची लहर अतिसूक्ष्म, म्हणून ती जवळजवळ सरळच जाते. उच्च वारंवारतेच्या रेडिओ लहरीही बऱ्याच अंशी प्रकाशासारख्याच वागतात. इमारतीमागे त्यांची 'सावली' पडते.

मग गल्लीत पोचतात कशा?

भिंतींवर आपटून! दोन्ही बाजूंच्या इमारतींमुळे रस्ता लांब बोळासारखा होतो आणि लहरी परावर्तित होत पुढे जातात. न्यूयॉर्कच्या उंच इमारतींमधल्या रस्त्यांवर तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २८ गिगाहर्ट्झच्या लहरी मोजल्या. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टॉवर थेट दिसत नसतानाही सुमारे २०० मीटरपर्यंत अनेक ठिकाणी सिग्नल मिळाला. मात्र इमारतीच्या गडद बाहेरच्या काचेतून आत जाताना त्याची ताकद सुमारे दहा हजारावा हिस्साच उरली. साध्या काचेतून निम्म्याच्या आसपास गेली.

कृती (साहित्य: टॉर्च, आरसा, वही)

१. व्हरांड्यात अंधार करा. टॉर्च सरळ धरा. कोपऱ्यापलीकडच्या मुलाच्या वहीवर उजेड पडतो का?
२. आता कोपऱ्यावर आरसा तिरपा धरा. काय बदललं?
३. आरशाजागी काळं कापड धरा.
४. आरसा नाही, पण दुसरा टॉर्च आहे. तो कुठे ठेवाल?

चौथ्या प्रश्नावर थोडं थांबा. मुलं स्वतःच म्हणतात, "कोपऱ्यावर!" अशा लहरी वापरायच्या तर चौकाचौकात खांबांवर छोटे अँटेना का लागतात, हे त्यांना इथेच उमगतं.

एक मर्यादा आवर्जून सांगा. भिंत म्हणजे आरसा नव्हे. तिच्यावर आपटलेल्या लहरीचा काही भाग शोषला जातो, काही विखुरतो. शिवाय सगळेच मोबाइल २८ गिगाहर्ट्झवर चालत नाहीत. लहर लांब असेल तर ती कोपऱ्यावर तुलनेने जास्त वळते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, "काल माझं उत्तर चुकलं." मुलं क्षणभर गप्प झाली. मग आरसा धरायला तीच मुलगी पुढे आली. वहीवर उजेड पडला तेव्हा म्हणाली, "म्हणजे टॉवर जवळच आहे, फक्त त्याला आमचं घर दिसत नाही!"

पालकहो, आज रात्री घरातला एक कोपरा आणि एक टॉर्च घेऊन हे करून बघा. उत्तर आधी सांगू नका.