इंग्रजीतील आत्मवाचक सर्वनामे : अध्यापनातील काही अडचणी

शाळेस पाहुणे भेट देतात तेव्हा चौथीच्या वर्गातील एखादे चुणचुणीत मूल उभे राहते आणि 'मायसेल्फ रमेश' असे खणखणीत आवाजात सांगते. वर्ग कौतुकाने पाहतो. पाहुण्यांपैकी एखादा गालांतल्या गालांत हसतो. त्या हसण्याचे कारण मुलास कळत नाही आणि पुष्कळदा ते शिक्षकांसही उमगलेले नसते. कारण हे वाक्य शाळेतच पाठ करून घेतलेले असते. सन २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. त्यामुळे मुलाच्या जिभेवर बसणारे पहिले इंग्रजी वाक्य आता प्राथमिक शिक्षकाच्या हातचे असते. ते चुकीचे बसले म्हणजे पुढे नोकरीच्या मुलाखतीतही तसेच बाहेर पडते, आणि तेथे त्या हसण्याची किंमत मोजावी लागते.

'मायसेल्फ' हे आत्मवाचक सर्वनाम होय. कर्त्याने केलेली क्रिया फिरून कर्त्यावरच येते तेव्हा त्याचा उपयोग होतो. 'आय कट मायसेल्फ' म्हणजे माझ्या हातून मलाच कापले. या सर्वनामास आधी कर्ता लागतो. ते एकटे कर्त्याच्या जागी बसत नाही. म्हणून 'आय ॲम रमेश' किंवा 'माय नेम इज रमेश' एवढेच म्हणणे शुद्ध व पुरेसे आहे.

मराठी मुलाची खरी अडचण निराळीच आहे. मराठीत 'मी स्वतःला सावरले', 'तिने स्वतःला सावरले', 'त्यांनी स्वतःला सावरले' या तिन्ही वाक्यांत 'स्वतःला' हा एकच शब्द चालतो. पुरुष, लिंग, वचन बदलले तरी तो बदलत नाही. इंग्रजीत मात्र कर्ता बदलला की हा शब्दही बदलतो : मायसेल्फ, युअरसेल्फ, हिमसेल्फ, हरसेल्फ, इटसेल्फ, आणि अनेकवचनी अवरसेल्व्ह्ज, युअरसेल्व्ह्ज, देमसेल्व्ह्ज. त्यातही रूपांची घडण एकसारखी नाही. 'माय', 'युअर', 'अवर' ही संबंधदर्शक रूपे, तर 'हिम' आणि 'देम' ही कर्माची रूपे. तेव्हा एखादे मूल 'हिजसेल्फ' किंवा 'देअरसेल्व्ह्ज' लिहिते, ते मंदबुद्धीने नव्हे. 'मायसेल्फ'वरून त्याने बांधलेला नियम तर्कास धरूनच असतो. इंग्लंडातील काही ग्रामीण बोलींतून 'हिजसेल्फ' आजही ऐकू येते. लाल शाईने खोडण्यापूर्वी शिक्षकाने हे ध्यानात ठेवावे, आणि मग प्रमाण रूप कोणते ते सांगावे.

'युअरसेल्फ' आणि 'युअरसेल्व्ह्ज' या जोडीकडे विशेष लक्ष द्यावे. इंग्रजीत 'यू' एकास व अनेकांस सारखाच. परंतु येथे मात्र वचनभेद उघड होतो. मराठीत वडीलधाऱ्या एका माणसासही आपण 'तुम्ही' म्हणतो. म्हणून मूल एकट्या पाहुण्यास आदराने 'युअरसेल्व्ह्ज' म्हणण्याचा संभव असतो. आदर कितीही असला तरी माणूस एक असेल तर 'युअरसेल्फ' हेच योग्य.

हा भेद अर्थाच्या दृष्टीने किती महत्त्वाचा आहे, हे वर्गात एका आरशाने दाखविता येते. मुलीच्या हाती आरसा द्यावा : 'शी सॉ हरसेल्फ इन द मिरर.' मग तिच्या खांद्यामागे दुसरी मुलगी उभी करावी व आरशात तिचे मुख दिसू द्यावे : 'शी सॉ हर इन द मिरर.' एका शब्दाने माणूस बदलला. त्याच खेळात दोन मुलांनी एकमेकांकडे पाहिले तर 'ईच अदर' येते, 'देमसेल्व्ह्ज' नव्हे. येथे मराठी आपल्या साहाय्यास येते; 'स्वतःला' आणि 'एकमेकांना' हे दोन अर्थ मूल घरीच शिकून आलेले असते.

'आपला' या शब्दाशी मात्र सावधपणे वागावे लागते. 'रामने आपले पुस्तक घेतले' आणि 'रामने त्याचे पुस्तक घेतले' यांतील अंतर मराठी मुलास सहज कळते. इंग्रजीत दोन्हींस 'हिज बुक' हाच प्रयोग आहे. 'हिमसेल्फ'ला षष्ठीचे रूप नाही. स्वतःचेच पुस्तक असे ठासून सांगावयाचे झाल्यास 'हिज ओन बुक' म्हणावे.

कधी हे शब्द केवळ जोर देण्यासाठी येतात. 'द हेडमास्टर हिमसेल्फ रँग द बेल', म्हणजे खुद्द मुख्याध्यापकांनी घंटा दिली. शब्द झाकून वाक्य वाचावे; वाक्य उभे राहिले तर शब्द जोरासाठी आहे. 'शी हर्ट हरसेल्फ' यातील शेवटचा शब्द झाकला तर कोणाला दुखापत झाली हेच कळत नाही.

आता क्रियापदांविषयी. 'एन्जॉय' या क्रियापदास कर्म लागते, ही गोष्ट आपल्याकडे सर्रास विसरली जाते. जत्रेहून आलेले मूल 'आय एन्जॉइड' एवढेच म्हणून थांबते. 'आय एन्जॉइड मायसेल्फ' किंवा 'आय एन्जॉइड द फेअर' म्हणावयास शिकवावे. उलट, तोंड धुणे, कपडे घालणे, दाढी करणे या नित्याच्या क्रियांत इंग्रजी माणूस सहसा आत्मवाचक सर्वनाम घालीत नाही. मात्र लहान मूल प्रथमच स्वतःच्या हाताने कपडे घालू लागले, तर 'ही कॅन ड्रेस हिमसेल्फ' असे कौतुकाने म्हणतात.

शिक्षकांच्या स्वतःच्या लेखनातही दोन स्थळे जपण्याजोगी आहेत. 'ॲबसेन्ट' हे क्रियापद म्हणून वापरल्यास 'ही ॲबसेन्टेड हिमसेल्फ फ्रॉम स्कूल' असे लिहावे लागते. त्यापेक्षा 'ही वॉज ॲबसेन्ट' सोपे. रजेच्या अर्जात 'अव्हेल्ड ऑफ लीव्ह' असे लिहिले जाते. व्याकरणदृष्ट्या 'अव्हेल्ड मायसेल्फ ऑफ' हवे. पण साधे 'आय टुक थ्री डेज लीव्ह' लिहिले तर अर्ज कोणी परत करणार नाही.

काही वाक्ये शब्दशः उलगडू नयेत. 'हेल्प युअरसेल्फ' म्हणजे स्वतःला मदत कर असे नव्हे. ताटापुढे बसलेल्या पाहुण्यास 'हवे ते घ्या, संकोच करू नका' असे म्हणण्याचा तो इंग्रजी रिवाज आहे. 'बिहेव्ह युअरसेल्फ' म्हणजे नीट वाग. 'शी लिव्ह्ज बाय हरसेल्फ' म्हणजे ती एकटी राहते. आणि 'ही डिड द सम बाय हिमसेल्फ' म्हणजे कोणाच्या मदतीवाचून त्याने गणित सोडविले.

स्थळ दाखविणाऱ्या अव्ययांपुढे बहुधा साधे सर्वनामच येते : 'शी पुट द बॅग बिसाइड हर', 'आय हॅव नो मनी विथ मी'. येथे 'मायसेल्फ' घालण्याचा मोह होतो, कारण नियम नुकताच शिकविलेला असतो. म्हणून हा भाग त्याच दिवशी न घेता, पहिली रूपे तोंडी पक्की झाल्यावर आठवड्याने घ्यावा. आणि पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी वर्गात जोड्या पाडून प्रत्येक मुलाकडून शेजाऱ्यास 'आय ॲम...' या दोन शब्दांनी आपले नाव सांगवून घ्यावे.