वालाचा मांडव आणि वारा



मागच्या वर्षी आपल्यापैकी अनेकांनी वसतिगृहाच्या परसबागेसाठी प्रेमाने बियाणे पाठवले. त्यात वालाचे बी भरपूर होते. मुलींनी ते जूनमध्ये लावले, वेल जोमाने वाढले आणि ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी सगळा मांडव आडवा झाला. चूक माझी होती. ती कोठे झाली आणि यंदा आम्ही काय बदलले, ते या पाठात सांगते. आपल्या अंगणात किंवा मंडळीच्या आवारात वेल असेल, तर आपल्यालाही त्याचा उपयोग होईल.

वारा नेमका केव्हा घात करतो?

आमचे वसतिगृह जव्हारच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. पावसाळाभर इथे नैर्ऋत्येचा वारा असतो. परतीच्या पावसात मात्र गडगडाटासह अचानक झोत येतात. उंच वाढणारा गावठी वाल दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतो. म्हणजे वेल पानांनी सर्वांत जड असतो, तेव्हाच हे झोत सुरू होतात. भिजलेल्या पानांचा दाट मांडव शिडासारखा वारा धरतो.

मी सात फुटी मांडव सहा बांबूंवर उभा केला होता. खड्डे जेमतेम फूटभर खोल होते. वेल नायलॉनच्या दोरीने घट्ट बांधले होते. शिवाय पश्चिमेला, वारा अडावा म्हणून, जुने पत्रे सलग उभे केले होते. त्या संध्याकाळी झोत पश्चिमेकडूनच आला. सकाळी पाहिले तर पत्रे जागेवर होते आणि मांडव जमिनीवर. जिथे नायलॉन काचला होता, तिथेच बरेच वेल तुटले होते. थंडीत आठवड्यातून दोनदा मुलींच्या ताटात शेंगांची भाजी वाढायची, असा आमचा बेत होता. त्या वर्षी एकदाही वाढता आली नाही. आपापल्या वेलाला रोज पाणी घालणाऱ्या लहान मुली दोन दिवस बागेकडे फिरकल्या नाहीत.

शेजारच्या पाड्यावरची एक वारली आजी ते पाहायला आली. ती म्हणाली, "बाय, तो पत्रा काढ आधी. पत्र्यानंच पाडला मांडव." मला पटेना. तिने मला तिच्या परसात नेले. तिथे कारवीच्या काड्यांचा, न लिंपलेला कूड होता. काड्यांच्या फटींतून वारा येत होता, पण त्याचा जोर मोडलेला होता.

फटी का हव्यात?

सलग भिंतीवर आपटलेला वारा तिच्यावरून उडी मारतो आणि पलीकडे भोवरे करीत खाली येतो. तिथे वेल असले, तर त्यांना उघड्या जागेपेक्षाही जास्त हिसके बसतात. जवळजवळ निम्मा वारा आरपार जाऊ देणारे कुंपण मात्र त्याला मंद करते. अशा कुंपणाचा आडोसा त्याच्या उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत जाणवतो.

यंदा आम्ही काय केले

१. पत्रे काढले. त्या जागी कारवीचा विरळ कूड उभा केला आणि त्याच्या बाहेर तुरीची एक ओळ पेरली.

२. मांडव पाच फुटांवर आणला. उंची कमी तशी वाऱ्याची पकड कमी, आणि लहान मुलींचा हातही शेंगांपर्यंत पोचतो.

३. बांबू दोन फूट खोल पुरले. वाळवीसाठी त्यांची टोके आधी जाळून काळी केली. कोपऱ्याचे बांबू किंचित बाहेर झुकवले आणि प्रत्येकाला खुंटीचा ताण दिला. पहिल्या मोठ्या पावसानंतर प्रत्येक बांबू हलवून पाहिला. बुडाशी माती उघडली, तिथे दगड ठोकून भर घातली.

४. हे सारे बी रुजण्याआधी केले. वेल वाढल्यावर खड्डे खणले, तर मुळे दुखावतात.

५. वेल जुन्या साडीच्या पट्ट्यांनी बांधले. पट्टी बांबू आणि वेल यांच्यामध्ये आठच्या आकड्यासारखी फिरवली, म्हणजे वेल हलतो पण घासत नाही. वालाचा वेल स्वतःच आधाराला वेढे घालतो. तो वळतो त्याच दिशेने त्याला गुंडाळावे. उलटा वळवला, तर सुटून येतो.

६. शेंडा मांडवावर पोचला की खुडला. त्यामुळे फांद्या फुटतात. पुढे कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दिसला, तेव्हा तेही खुडून टाकले.

७. युरिया घातला नाही. वालाच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र धरतात. जास्तीच्या नत्राने पाने माजतात, शेंगा कमी लागतात आणि वाऱ्याला धरायला आयतेच पान मिळते.

यंदाही ऑक्टोबरमध्ये तसेच झोत आले. दोन बांबू कलले, एक ताण तुटला, पण मांडव उभा राहिला. नोव्हेंबरच्या शेवटी पहिली पाटी भरली. मुलींनी त्यातल्या ओंजळभर शेंगा आधी आजीला नेऊन दिल्या. हंगाम संपला की वेल जमिनीलगत कापून मुळे तशीच ठेवायची, म्हणजे त्यांतले नत्र पुढच्या पिकाला मिळेल, असे ठरले आहे.

बी पाठवताना आपल्याला, आणि लावताना मलाही, आधाराची आठवण झाली नव्हती. पुढच्या जूनसाठी आपण बी देणार असाल, तर त्यासोबत चार बांबू आणि एका जुन्या साडीचाही विचार करावा. आणि आपल्या घरी वेल असेल, तर आज संध्याकाळी त्याचा बांबू एकदा हलवून पाहा.