गाण्याचा व्हिडिओ : आधी माप, मग कात्री

आपली शाळा-कॉलेजातील मुले गाण्याचे व्हिडिओ बनवीत आहेत. चांगला हुन्नर आहे. पण कापड फाडल्यावर माप घेऊन उपयोग नाही.

तीन मिनिटांचे गाणे म्हणजे 180 सेकंद. तीन सेकंदांचा तुकडा धरला तर 60 तुकडे लागतात. म्हणून प्रत्येक ओळीसमोर दृश्य लिहून घ्यावे. चित्रीकरणात गाणे मोठ्याने वाजवून वेगवेगळ्या बाजूंनी तीनदा पूर्ण टिपावे. संकलनात कॅमेऱ्यातला आवाज मूळ गाण्याशी जुळवला की ओठ जुळतात. मग तो बंद करावा.

एक खबरदारी : 1957 च्या कॉपीराइट कायद्यात गीत, संगीत व ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगवेगळे आहेत. परवानगी नसेल तर सारी मेहनत वाया जाऊ शकते. गाणे मुलांनी स्वतःच रचलेले बरे.