महापौरांच्या हातात नेमकं काय असतं?

प्रश्न : नालासोपाऱ्यात आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं. थेट महापौरांना निवेदन दिलं, तर ते गटाराच्या कामाचा आदेश देऊ शकतात का?

उत्तर : निवेदन जरूर द्या, पण आदेशाची अपेक्षा धरू नका. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 नुसार प्रशासकीय अधिकार आयुक्तांकडे असतात आणि त्यांची नेमणूक राज्य सरकार करतं. महापौर नगरसेवकांमधून निवडले जातात, अडीच वर्षांसाठी. ते महासभेचं अध्यक्षपद भूषवतात, सभेचं कामकाज चालवतात आणि समसमान मतं पडल्यास निर्णायक मत देतात. खर्चाची मोठी कामं 16 सदस्यांच्या स्थायी समितीपुढे जातात.

म्हणजे महापौरपद शोभेचं का? तसंही नाही. अर्थसंकल्पाला मंजुरी महासभाच देते. आयुक्तांना हटवायचं तर एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश मतं लागतात. नालासोपारा ज्या वसई-विरार महापालिकेत येतं, तिच्या 115 जणांच्या सभागृहात किमान 72. जून 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासकीय राजवट आली, तेव्हा जाब विचारणारी महासभाच उरली नाही.

तुम्ही असं करा : आधी प्रभाग समिती कार्यालयात फोटोंसह लेखी तक्रार देऊन पोच घ्या. त्याची प्रत नगरसेवकांना द्या आणि विषय महासभेत मांडायला सांगा. अर्थसंकल्पाआधी गटारासाठी तरतुदीची मागणी लावून धरा. महापौरांचं वजन तिथेच कामी येतं.