मुखवटा आणि माणूस

मंदिराच्या बालवर्गात गेल्या महिन्यात ‘सत्य’ या विषयावरील पाठ चालू असता एका मुलाने आम्हांस विचारले, “स्पायडर-मॅन चांगला आहे ना? मग तो आपल्या काकूशी रोज खोटे का बोलतो?” वर्गात हशा पिकला, आम्हांस मात्र तत्काळ उत्तर देता आले नाही. ज्या चित्रकथांस आपण वडीलधारी मंडळी पोरखेळ समजून बाजूस सारतो, त्यांतून निघालेला हा प्रश्न वस्तुतः धर्मविचाराचा होता. आपली ओळख लपविणे म्हणजे असत्य बोलणे काय? आणि ती सत्कार्यासाठी लपविली तर दोष लागत नाही काय? त्या मुलास द्यावयाचे उत्तर आज सर्व सभासद कुटुंबांपुढे ठेवीत आहोत.

ज्यांस या कथांचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. अमेरिकेत १९३८ साली जेरी सीगल व जो शुस्टर या दोघा तरुणांनी सुपरमॅन निर्माण केला. त्याच्या अंगी अलौकिक बळ. परंतु एरवी तो क्लार्क केंट या नावाने वृत्तपत्रात बातमीदाराचे काम करतो आणि भित्रेपणाचे सोंग वठवितो. पुढच्याच वर्षी आलेला बॅटमॅन हा दिवसा ऐषारामी धनिक म्हणून वावरतो. १९६२ साली स्टॅन ली व स्टीव्ह डिटको यांनी स्पायडर-मॅन आणला. हा पीटर पार्कर नावाचा गरीब, पोरका विद्यार्थी असून बेनकाका व मेकाकू यांनी त्यास पोटच्या पोराप्रमाणे वाढविले आहे.

हे वीर नाव का लपवितात? शत्रूंनी आपल्या आप्तेष्टांवर सूड उगवू नये म्हणून, असे कथा सांगते. आणि हे कारण पोकळ नव्हे. १९७३ च्या एका प्रसिद्ध कथेत पीटरचे गुपित ठाऊक असलेल्या शत्रूने त्याची प्रेयसी ग्वेन हिला पळवून नेले आणि तीत तिचा प्राण गेला. तेव्हा प्रत्येक लपविलेली गोष्ट पाप होय, असा निवाडा देऊन मोकळे होता येणार नाही.

आपल्या महाभारतात तर अज्ञातवासाचे सबंध विराटपर्वच आहे. युधिष्ठिर कंक झाला, भीम बल्लव झाला, अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्या उत्तरेस नृत्य शिकवू लागला. परंतु त्या वेषांतरास एका वर्षाची मर्यादा होती व ते पणाच्या अटीचे पालन होते. मुदत संपताच पांडवांनी विराटापुढे आपली खरी ओळख दिली. राजाने उत्तरा अर्जुनास देऊ केली, तेव्हा त्याने तिचा पत्नी म्हणून स्वीकार न करता अभिमन्यूसाठी सून म्हणून स्वीकार केला. कारण वर्षभर ती मुलगी त्याच्याशी पित्याप्रमाणे, गुरूप्रमाणे विश्वासाने वागली होती, आणि तिच्याविषयी कोणाच्या मनात किंतु येऊ नये ही त्यास काळजी होती. परक्या नावाने ज्यांच्या घरात वावरलो त्यांच्या विश्वासाचे आपण ऋणी आहोत, ही जाणीव त्याने वेषाबरोबर उतरवून ठेवली नाही.

याउलट कर्णाने परशुरामापाशी आपण ब्राह्मण आहोत असे सांगून अस्त्रविद्या मिळविली. त्याचे शौर्य व औदार्य कोणीही नाकारणार नाही. परंतु ज्याचा विश्वास घ्यावयाचा त्यालाच फसवून मिळविलेली विद्या ऐन वेळी आठवणार नाही, असा शाप त्याच्या वाट्यास आला. दोघांनीही ओळख लपविली. एकाने व्रत पाळण्यासाठी, दुसऱ्याने स्वतःच्या लाभासाठी. बाहेरून सारखीच दिसणारी कृती आतल्या हेतूने निराळी होते ती अशी.

आता पीटरकडे वळू. कोळ्याच्या दंशाने शक्ती प्राप्त झाल्यावर त्याने प्रथम ती पैसा व प्रसिद्धी मिळविण्याकडे लावली. एके रात्री एक चोर त्याच्या समोरून पळाला; पोलीस ‘अडवा’ म्हणून ओरडत होता. हे आपले काम नव्हे, अशा गुर्मीने पीटरने त्यास जाऊ दिले. पुढे त्याच चोराच्या हातून बेनकाकाचा खून झाला. तेव्हापासून पीटर लोकांचे प्राण वाचवितो. पण काकूपासून तो दोन गोष्टी लपवितो. एक मुखवटा, दुसरा हा अपराध. मुखवटा लपविण्यास काकूच्या जिवाची काळजी हे कारण होते. अपराध लपविण्यास तेच कारण कसे चालेल? तेथे लाज होती, आणि काकूचे प्रेम गमावण्याचे भय होते. काळजीच्या पांघरुणाखाली भय निजले होते.

कथाकारांनी हे गुपित अनेक वर्षे चालविले. शेवटी २००१ साली लेखक जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांच्या कथेत मेकाकू अचानक पीटरच्या खोलीत आली, तो जखमी होऊन फाटक्या वेषात झोपलेला असताना. पुढे २००२ च्या एका अंकात दोघे समोरासमोर बसून बोलतात. मारामारी नाही, उड्या नाहीत. केवळ एक म्हातारी व तिचा पुतण्या. पीटर तो चोर सोडल्याची कबुली देतो. आणि तेव्हा काकू सांगते की, त्या रात्री पतीशी आपले भांडण झाले होते व तो घराबाहेर पडला होता; म्हणून त्याच्या मृत्यूचा दोष इतकी वर्षे ती स्वतःकडेच घेत आली होती!

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. काकूस दुःख होऊ नये म्हणून पीटर गप्प राहिला. आणि त्याच्या गप्प राहण्यानेच काकू वर्षानुवर्षे खोट्या अपराधाचे ओझे वाहत राहिली. एका घरात दोन माणसे एकाच दुःखाने जळत होती, आणि दोघांनाही वाटत होते की आपण एकटेच आहोत. आम्हांस तर हा प्रसंग त्या सर्व चित्रकथांतील मोठ्यात मोठा पराक्रम वाटतो.

दुसरे उदाहरण आयर्न मॅनचे. टोनी स्टार्क हा कारखानदार पोलादी कवच घालून लढे. आणि कवचातील वीर म्हणजे आपला पगारी अंगरक्षक होय, असे जगास भासवी. १९७९ च्या कथामालेत तो मद्याच्या आहारी गेला. शत्रूचे वार परतविणाऱ्या कवचास धन्याच्या हातातील पेला अडविता आला नाही. जार्व्हिस या निष्ठावंत सेवकाचा त्याने अपमान केला व सेवक नोकरी सोडून गेला. त्यास वाट सापडली ती बेथनी केब या स्नेही स्त्रीपुढे मन उघडे केल्यावर आणि जार्व्हिसची क्षमा मागितल्यावर. पुढील दशकात तो पुन्हा घसरलाही. कारण दोष एकदा कबूल केला म्हणजे कायमचा गेला, असे होत नाही.

सुपरमॅनने लोइस लेनला आपली ओळख सांगितली ती विवाह ठरल्यानंतर, १९९१ च्या एका अंकात, आणि ते योग्यच झाले. सहधर्मचारिणीपाशी मुखवटा ठेवून संसार होत नाही.

मग त्या मुलास आमचे उत्तर काय? बाळ, स्पायडर-मॅन चांगला आहे, आणि तो चुकतोही. दुसऱ्याचे रक्षण व्हावे म्हणून, मर्यादेने व स्वतःच्या लाभावाचून काही झाकून ठेवणे हे व्रत होऊ शकेल. स्वतःची चूक झाकण्यासाठी त्याच व्रताचे नाव घेणे हे असत्य होय. त्याची शक्ती पाहून आपण थक्क होतो. परंतु काकूपुढे बसून तो खरे बोलला, एवढे मात्र आपल्यालाही करता येण्याजोगे आहे.

मोठ्यांनीही हे आपल्याकडे लावून पाहावे. ‘घरच्यांना उगीच काळजी नको’ असे म्हणून कर्ज लपविणारा पिता, दुखणे लपविणारी माता, नापास झाल्याचे लपविणारा मुलगा, यांच्या मौनात प्रेम किती आणि भय किती? घरातील माणसे अज्ञानामुळे सुखी असतात, ही समजूत बहुधा खोटी असते. काहीतरी दडले आहे एवढे त्यांस कळतेच. आणि खरे कारण न कळल्याने ती दोष स्वतःकडे घेतात, मुले तर विशेषेच. गुप्तदान गुप्तच असावे, दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेले पोटातच ठेवावे. पण ज्या गुपिताने आपल्या माणसास विनाकारण अपराधी वाटते, ते मात्र सांगून टाकावे.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न :

१. अर्जुनाचे वेषांतर व कर्णाचे वेषांतर यांत तुम्हांस कोणता भेद दिसतो?

२. पीटरने काकूस सत्य केव्हा सांगावयास हवे होते? लगेच सांगितले असते तर काय घडले असते?

३. आपल्या मौनामुळे घरातील कोणी दोष स्वतःकडे घेत आहे काय? या प्रश्नाचे उत्तर वर्गात देण्याची गरज नाही. ते ज्याचे त्याने घरी द्यावे.