खाज कधी सुरू झाली, यावरून गुन्हेगार ठरवू नका

दिवाळीनंतरच्या दिवसांत आमच्या तपासणीच्या खोलीत एक प्रसंग वरचेवर घडतो. नवरा पुण्याकडे कंपनीत कामाला, सुटीत गावी येऊन परत गेलेला. दोन-तीन आठवड्यांनी बायको एकटीच येते. आधी कंबरदुखी सांगते, मग अशक्तपणा. चिठ्ठी हातात घेऊन उठते, दारापर्यंत जाते आणि तिथून वळून हळूच म्हणते, "डॉक्टरसाहेब, खाली फार खाज येते. रात्री झोप लागत नाही." तपासल्यावर जांघेतल्या केसांत उवा सापडतात. ते कळताच तिचा पहिला प्रश्न औषधाचा नसतो. "हे किती दिवसांपूर्वी लागलं असेल?" असं ती विचारते.

हा प्रश्न अनेक घरांत भांडणाचं मूळ होतो. म्हणून आज सुरुवात त्यापासूनच करू.

लक्षणं केव्हा दिसतात?

ऊ अंगावर चढली त्याच दिवशी खाज सुटत नाही. ऊ रक्त पिताना आपली लाळ त्वचेत सोडते. त्या लाळेचं शरीराला वावडं निर्माण झालं, की खाज सुरू होते. पहिल्यांदाच लागण झालेली असेल, तर यासाठी किमान पाचेक दिवस लागतात, आणि पुष्कळदा दोन ते चार आठवडे. एवढ्या काळात उवा अंडी घालत असतात. ती सहा ते दहा दिवसांत फुटतात आणि पिल्लं आणखी दोन-तीन आठवड्यांत मोठी होतात. माणसाला यातलं काहीच जाणवत नाही, पण त्याच्यापासून दुसऱ्याला लागण मात्र होऊ शकते.

पूर्वी एकदा हा त्रास होऊन गेला असेल, तर शरीर ती लाळ ओळखतं. मग दुसऱ्या वेळी एक-दोन दिवसांतच खाज सुटते.

आता नवरा-बायकोचा हिशेब मांडून पाहा. उवा एकाने आणल्या, पण त्याला अजून खाज नाही. दुसऱ्याला हा त्रास काही वर्षांपूर्वी होऊन गेलेला, त्यामुळे खाज आधी त्यालाच सुटली. ज्याला आधी खाज, त्यानेच आणली, असं म्हणणाऱ्या घरात इथे निर्दोष माणूस दोषी ठरतो. खाजेची तारीख म्हणजे लागणीची तारीख नव्हे. कॅलेंडर भिंतीवरच राहू द्या आणि दोघंही तपासणीला या.

ओळखायचं कसं?

रात्री वाढणारी खाज ही पहिली खूण. दुसरी खूण चड्डीवर दिसते: तांबूस-काळे बारीक ठिपके. हे उवांच्या विष्ठेचे आणि रक्ताचे डाग असतात. काही जणांच्या जांघेवर किंवा ओटीपोटावर निळसर-करडे डाग पडतात. ते दुखत नाहीत.

उजेडात, हाती भिंग घेऊन नीट पाहिलं तर ऊ दिसते. लांबी एक ते दोन मिलिमीटर. डोक्यातल्या उवेपेक्षा आखूड आणि रुंद, अगदी लहानशा खेकड्यासारखी. दोन केसांना पायांनी घट्ट धरून त्वचेलगत निपचित बसलेली असते, त्यामुळे खपली किंवा तीळ वाटून नजर तिच्यावरून निघून जाते. चिमट्याने ती 'खपली' उचलून काचपट्टीवर ठेवली की पाय हलू लागतात. हे दृश्य मी रुग्णाला आवर्जून सूक्ष्मदर्शकातून दाखवतो. आपल्याला काही शाप लागलेला नाही, एक किडा लागला आहे, हे त्याला तिथे पटतं. लिखा केसाच्या मुळाजवळ चिकटलेल्या असतात. कोंडा झटकला की पडतो, लीख पडत नाही.

याच उवा काखेत, छातीच्या केसांत, दाढी-मिशीत, भुवयांत आणि पापण्यांतही सापडतात. डोक्यातल्या उवा मात्र वेगळ्या जातीच्या. शाळेतल्या मुलीच्या केसांतली ऊ जांघेत उतरत नाही.

जांघेतली प्रत्येक खाज उवांची नसते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने गजकर्ण होतं: गोल, कडेला लाल आणि पापुद्रे सुटणारं. खरजेत बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर आणि घरातल्या इतरांनाही खाज असते. मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने खाज चार दिवस दबते, पण ना ऊ मरते ना गजकर्ण जातं. उलट त्वचा पातळ होते आणि रोग ओळखणं अवघड होऊन बसतं.

हे मात्र करू नका

आपला वर्धा जिल्हा कापसाचा. घरोघरी फवारणीचं औषध असतं. "किडाच आहे ना, मग तेच थोडं लावलं," असं सांगणारे रुग्ण येतात. कृपा करून असं करू नका. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. जांघेची आणि अंडकोषाची त्वचा अतिशय पातळ असते. तिथून विष शरीरात झपाट्याने भिनतं. रॉकेल आणि फिनाईलही तितकंच वर्ज्य.

उपचार सोपा आहे

पर्मेथ्रिन 1 टक्का हे औषध धुऊन कोरड्या केलेल्या केसांना लावायचं, दहा मिनिटांनी धुऊन टाकायचं आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावायचं. अंड्यांतून नंतर निघालेली पिल्लं या दुसऱ्या वेळी मरतात, म्हणून खाज थांबली तरी ती चुकवू नका. उवा मेल्यावरही काही दिवस थोडी खाज राहू शकते. केस काढल्याने मदत होते, पण तेवढ्यावर भागत नाही. पापण्यांना हे औषध लावायचं नाही. तिथला उपचार वेगळा आहे आणि तो डॉक्टरच करतील. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी विचारल्याशिवाय काहीही लावू नये.

गेल्या महिनाभरात ज्यांच्याशी शरीरसंबंध आला, त्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी व्हायला हवा. तोवर संबंध टाळा. निरोधने ही लागण थांबत नाही. कपडे, चादरी, टॉवेल कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत दोन आठवडे बांधून ठेवा. अंगापासून सुटलेली ऊ एक-दोन दिवसांतच मरते, त्यामुळे घरभर औषध फवारायची गरज नाही. कधीकधी एकच अंथरूण किंवा टॉवेल वापरल्यानेही लागण होते, संडासच्या भांड्यावरून मात्र सहसा नाही.

या उवांमुळे एचआयव्ही होत नाही. पण शरीरसंबंधातून उवा आल्या असतील, तर त्याच वाटेने दुसरा आजारही आलेला असू शकतो. म्हणून एचआयव्ही, सिफिलिस वगैरेंची तपासणी एकदा करून घ्या. लहान मुलाच्या पापण्यांत अशा उवा दिसल्या, तर त्या कुठून आल्या हे शांतपणे शोधायला हवं. बहुतेकदा मोठ्यांच्या जवळिकीतून येतात, पण लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर 1098 वर कळवा.

लाज कुठे ठेवायची?

सेवाग्रामच्या आश्रमात परचुरे शास्त्रींची कुटी आजही उभी आहे. कुष्ठरोग झालेल्या या संस्कृत पंडिताला गांधीजींनी आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हाताने त्यांना मालिश केलं. ज्या जिल्ह्याने त्वचारोगाची घृणा अशी दूर केलेली पाहिली, तिथे दोन मिलिमीटरच्या किड्यापायी कुणी रात्र-रात्र जागून काढावी, हे मला सोसत नाही.

वर्ध्याचं जिल्हा रुग्णालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचं आचार्य विनोबा भावे रुग्णालय, कुठेही त्वचारोग विभागात जा. बोलायला जड जात असेल, तर आधी 1097 या निःशुल्क हेल्पलाइनवर विचारा. आणि दारातून वळून सांगायची ती गोष्ट खुर्चीवर बसल्याबरोबर सांगा. त्यातली एकही गोष्ट आम्ही पहिल्यांदा ऐकत नसतो.