गोळ्यांचा जादा डोस : रुग्ण घरी आला, पुढे काय?

घरातल्या गोळ्या एकदम घेऊन दवाखान्यात दाखल झालेला रुग्ण वाचतो, सलाईन निघते आणि नातेवाईक डिस्चार्जची घाई करतात. 'मानसोपचारतज्ज्ञांना दाखवूनच जा,' असे मी सांगतो, तेव्हा ठरलेले उत्तर मिळते, 'डॉक्टरसाहेब, तो काही वेडा नाही. रागाच्या भरात झाले.'

वेडा कोणीच म्हणत नाही. पण औषधाचा अंश शरीरातून गेला, म्हणजे मनातले दुःख गेले असे नव्हे. नैराश्य, दारू, कर्ज, घरातील कलह, मूळ कारण शोधून उपचार झाले नाहीत तर तोच रुग्ण पुन्हा दाखल होण्याचा धोका राहतो. घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे तर फार जोखमीचे.

यावर उपाय नेहमी महागडाच असतो असे नाही. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल येथे अशा रुग्णांना वर्षभरात 8 साधी पोस्टकार्डे पाठवली गेली. मजकूर एवढाच, की तुमची आठवण आहे, खुशाली कळवा. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुन्हा गोळ्या घेण्याच्या घटना जवळपास निम्म्यावर आल्या. आपले कोणी विचारतो आहे, ही जाणीवही मोठा आधार देते.

घरच्यांनी एवढे जरूर करावे :

1. सर्व औषधे व शेतातील फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत. रुग्णाची औषधे थोड्याच दिवसांची आणावीत.

2. पहिली तपासणी आठवड्याच्या आत करावी. सोबत घरचे एक माणूस जावे.

3. टोमणे मारू नयेत. 'पुन्हा तसा विचार येतो का?' असे शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे.

4. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटले तरी त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

कित्येकजण पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानले जाते व तिला शिक्षा होत नाही. उलट तिची काळजी घेणे ही सरकारची जबाबदारी ठरते. 'टेली-मानस'च्या 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते.

वाचकहो, आपल्या घरात वा शेजारी असा कोणी नुकताच दवाखान्यातून आला असेल, तर या आठवड्यात त्याच्याकडे एक चक्कर जरूर मारा.